पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी

प्रेस्टन,
६ मार्च २०२३

प्रिय विनी मावशी,

तू आणि आई, दोघींनी मिळून मला बहात्तर वर्षं फसवलंत.

पणजोबा थॉमस कॉटम रेल्वेत मोठे अधिकारी होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युफेमियासमोर छाती काढून सांगितलंही होतं. १८८१ च्या जनगणनेत त्यांचा धंदा स्वच्छ अक्षरात लिहिलाय: स्टेशनातले कंदील पुसणारा. अधिकारी म्हणे! लाज कंदील पुसण्याची नाही, तुमच्या थापेची आहे.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना भूगोल शिकवला, आता स्वतःची वंशावळ काढायला बसले आहे. दर मंगळवारी वाचनालयात आमचा गट जमतो. गटाचे म्होरके मिस्टर पिलिंग. जन्मभर बस चालवली, आता सगळ्या गावाचे पूर्वज चालवतात. माणूस मेथॉडिस्ट आहे, आपल्यासारखा कॅथलिक नाही, रविवारी चॅपलमध्ये प्रवचनही देतो, पण जुनी कागदपत्रं वाचण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही.

पणजी एलेन दहाव्या वर्षी गिरणीत होती, ठाऊक होतं तुला? अर्धा दिवस माग, अर्धा दिवस शाळा. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली आहे. मग शाळेत करत काय होती? झोपत असणार बिचारी. आणि १९११ च्या जनगणनेत सरकारने प्रत्येक लग्न झालेल्या बाईला विचारलंय: मुलं किती झाली, किती गेली. पणजोबांच्या हाताने लिहिलंय: झाली नऊ, गेली चार. त्या चौघांची नावं घरात मी एकदाही ऐकलेली नाहीत. आपल्याकडे मेलेल्यांची नावं घ्यायची पद्धत नाही का?

माझ्यापाशी माझा छोटा जन्मदाखला होता, नाव आणि तारीख एवढंच असलेला. वंशावळीची सुरुवात स्वतःपासून करायची, म्हणून पूर्ण दाखला मागवला. त्यात जन्माची वेळसुद्धा आहे. ९ ऑक्टोबर १९५०, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. निबंधक कचेरीत कुणीतरी मन लावून काम करणारं होतं म्हणायचं. पिलिंगना दाखवला तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मिस स्वॉरब्रिक, मी जरा चहा घेऊन येतो." आणि तडक घरी गेले. मेथॉडिस्टांना शिष्टाचार शिकवत नाहीत वाटतं.

आई तशीच आहे. जानेवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर आवाज गेला तो गेलाच. मात्र ओठ सतत हलतात. नर्सिंग होममधल्या मुली म्हणतात, सवय असते म्हाताऱ्यांना. माझ्या वाढदिवसाला आई चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावायची, आठवतं? एक माझी. दुसरी कुणाची ते मी कधी विचारलं नाही. तुला माहीत असेल तर कळव, वंशावळीत टाकीन.

तुझी,
मोनिका

*

ग्रेंज,
१३ मार्च

मोने,

पत्र वाचून पोट धरून हसले. आजोबा कंदील पुसायचे म्हणून काय झालं? कंदील पुसला नाही तर अधिकारी खड्ड्यात पडतात. थाप आमच्या आईची होती, आम्ही फक्त पुढे ढकलली.

एलेन आजीचं विचारलंस. ती शुक्रवारी बटाटा-कांद्याची पाई करायची, वर मैद्याचं खुसखुशीत झाकण, लोणी हात सैल सोडून. शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून आख्खी कॅथलिक गल्ली तीच पाई खायची, आणि पलीकडच्या गल्लीतले प्रोटेस्टंट आमच्या खिडक्यांखालून वास घेत फिरायचे. सोमवारी धुणं. मंगळवारी इस्त्री. दाराची पायरी रोज घासायची, नाहीतर शेजारणी बोलायच्या. हे लिही तुझ्या वहीत. चार मुलं गेली त्यांचं काय लिहायचं? गेली ती गेली. त्या काळी जायची.

दाखल्यावरच्या वेळेचं मनावर घेऊ नकोस. कारकून नवखा असेल, दिसेल ते लिहीत सुटला असेल. तो कागद त्या पिलिंगला पुन्हा दाखवू नकोस. बस चालवणाऱ्याला काय कळतंय? तू आपली कॉटम घराण्याकडे लक्ष दे. तुझ्या बाबांच्या स्वॉरब्रिकांकडे काही सापडायचं नाही, रुक्ष माणसं.

नोराचे ओठ हलतात ती मागावरची सवय. आमच्या शेडमध्ये तीनशे माग एकदम धडधडायचे, कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही आवाज न काढता ओठांनीच बोलायचो. तुला कॉन्व्हेंटात घातलं, तू ती बोली शिकली नाहीस. बरंच झालं.

मेणबत्तीचं मला आठवत नाही.

तुझी मावशी,
विनी

ता. क. थंडी आहे. लोकरीची बनियन घाल.

*

प्रेस्टन,
११ एप्रिल

विनी मावशी,

"प्रिय" लिहिलं होतं, खोडलं.

पिलिंग त्या दिवशी पळाले नव्हते. घरी जाऊन बायकोला विचारून आले, की हे एखाद्या बाईला कसं सांगायचं. पुढच्या मंगळवारी मला कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं: इंग्लंडात जन्मदाखल्यावर वेळ लिहीत नाहीत. लिहितात ती एकाच वेळी एकाहून जास्त मुलं जिवंत जन्मली तरच. कोण आधी, कोण नंतर, हे कळावं म्हणून.

मी म्हणाले, "मूर्खपणा आहे." ते म्हणाले, "हो ताई, बहुतेक लोक असंच म्हणतात." मला ताई म्हणाले, आणि मी ते चालवून घेतलं, यावरून माझी अवस्था ओळख.

त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतले मृत्यू शोधले. सापडायला चार मिनिटं लागली. बहात्तर वर्षं आणि चार मिनिटं. दाखला काल टपालाने आला. क्लेअर स्वॉरब्रिक. मुलगी. वय सहा तास. राहत्या घरी. खाली, खबर देणाऱ्याचं नाव आणि नातं: डब्ल्यू. कॉटम, मावशी, मृत्यूसमयी हजर.

मावशी. हजर.

सही तुझीच आहे. याच वळणाची सही माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर असते. नवखा कारकून म्हणे! तो कारकून तुझ्यासमोर बसून लिहीत होता.

आणि माझं नाव मोनिका क्लेअर. मला वाटायचं संत क्लेअरचं नाव ठेवलंय. शाळेत तिच्या सणाला मी फुलं वाहायचे. तुम्ही मेलेल्या मुलीचं नाव उचलून माझ्या नावात खोचून ठेवलंत आणि जन्मभर माझ्या तोंडाने ते वदवून घेतलंत. तुम्ही दोघी स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावरून ओठ हलवत बसायचात. मी टेबलाशी अभ्यास करत असायचे. काय बोलत होतात? तिच्याबद्दलच ना?

दुसरी मेणबत्ती कुणाची ते कळलं. तसदी घेऊ नकोस.

मोनिका क्लेअर स्वॉरब्रिक

*

ग्रेंज,
१७ एप्रिल

मोने, हात थरथरतो, लिहवत नाही. नोराला काही विचारू नकोस. एवढं ऐक माझं. वि.

*

प्रेस्टन,
२८ एप्रिल

विनी मावशी,

फोन तू उचलत नाहीस. शेजारीण मिसेस थ्रेलफॉल म्हणाली, तू बरी आहेस, रोज समुद्राकडे तोंड करून बसतेस. म्हणजे हात थरथरत असले तरी बसता येतं.

मी भांडायला लिहीत नाही. भांडून झालंय, एकटीनेच, स्वयंपाकघरात, मोठ्याने. एक बशी फुटली.

आपल्या कबरस्तानाच्या कॅथलिक भागाच्या नोंदी मी आणि पिलिंगनी ओळ न् ओळ पाहिल्या. ऑक्टोबर १९५० ते वर्षाखेर. क्लेअर स्वॉरब्रिक नाही. नाव नसलेल्या अर्भकांच्या यादीतही नाही. नकाशात टिंबाएवढं बेट असलं तरी डोळे मिटून बोट ठेवीन, आणि माझी बहीण या गावात कुठे आहे ते मला सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, आईपाशी थोडे आठवडे आहेत. काल तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघत तेच तेच बोलत होती. सवय नाही ती. सवयीला उत्तराची वाट पाहायची नसते. ती बोलून थांबते, माझ्या तोंडाकडे बघते, मी नुसतीच हसते, मग तिचे डोळे भरतात आणि ती पुन्हा बोलते. आईला काहीतरी विचारायचंय आणि मी ठोंब्यासारखी तिचा हात चोळते.

ती जायच्या आधी मला हवंय. क्लेअर कुठे आहे?

मोनिका

*

ग्रेंज,
३ मे

मोने,

मिसेस थ्रेलफॉलला चहाला बोलावलंय, तिच्या देखत हे पाकीट टपालपेटीत टाकणार, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तू घरीच झालीस, आमच्या मागच्या खोलीत. चार वाजून दहा मिनिटांनी तू, पाचला पाच मिनिटं कमी असताना ती. कुणालाच दुसरीचा अंदाज नव्हता. नोराचं रक्त थांबेना. सुईण तिला घेऊन रुग्णवाहिकेतून गेली, तुझे बाबा मागोमाग धावले. जाताना सुईण म्हणाली, "दोघी ठणठणीत आहेत, धाकटी जरा बारीक आहे, ऊब दे. डॉक्टर सकाळी येतील." मी एकोणीस वर्षांची. कपाटाचा खण काढला, रजई घातली, शेगडीजवळ ठेवला आणि दोघींना त्यात निजवलं.

तू रडत होतीस, मोने. काय रडत होतीस! मी तुला उचलून येरझारा घालत होते, गाणी म्हणत होते, साखरपाणी चोखवत होते. ती गप्प होती. मला वाटलं, देवाची कृपा, निदान एक तरी शहाणी आहे.

सात वाजता मी शेजारच्या पोराला फादरकडे पिटाळलं. दोघींचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता, तुला पुसायला घेतलेला. कॅथलिक पोराला सातव्या वर्षी शिकवतात: मूल धोक्यात असेल तर कुणीही पाणी घालावं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तीन नावं घ्यावीत, झालं. दाई चालते, शेजारीण चालते, कुणीही. मला पाठ होतं. पण मला धोका दिसलाच नाही. मला पांढरा झगा हवा होता, फादर हवे होते, नोराला आवडेल तसं. सहा तास तो जग माझ्या हाताशी होता.

अकराला फादर आले. दहा मिनिटं आधी मी खणात हात घातला होता.

फादर वाईट नव्हते. पण म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर पवित्र जमिनीत पुरता येणार नाही, भिंतीलगतच्या पट्टीत, प्रार्थनेशिवाय. तुझे बाबा रुग्णालयातून परतले ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी दुसऱ्या दिवशी तिला लहानशा पेटीत निजवून, पेटी कोटाखाली घेऊन अंत्यविधीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "पोरी, एवढ्याशा जिवाला कुणी वेगळी कबर काढत नाही. कुणाच्या तरी सोबतीला देतो. आम्ही करतो असं, बोलत नाही." आत दोन शवपेट्या उघड्या होत्या. एकीत एक दारुडा. दुसरीत ॲलिस होल्डन. नोराच्या शेजारच्या मागावरची म्हातारी. तिनेच नोराला विणायला शिकवलं होतं. आपल्या करड्या शालीतच निजली होती. मी म्हणाले, "तिच्यापाशी."

मोने, ॲलिस मेथॉडिस्ट होती. कबरस्तानाच्या त्यांच्या भागात आहे. आपल्या भिंतीच्या पलीकडे. नोंद एकाच नावाची.

दहा दिवसांनी नोरा घरी आली. घरात माणसं होती, म्हणून तिने ओठांनीच विचारलं: "पाणी घातलंस ना?" मी म्हणाले, "घातलं." पुन्हा तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खोटं बोलून तिला स्वर्ग दिला होता, तो परत कसा मागू? आणि तुला काय सांगायचं? तू रडत होतीस म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही, हे सांगू?

आता कळलं ना. टाक लिहून वंशावळीत.

विनी

*

प्रेस्टन,
६ मे

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग बाथरूमच्या फरशीवर.

मेथॉडिस्ट! माझी बहीण त्र्याहत्तराव्या वर्षाला टेकली, आणि सगळं आयुष्य मेथॉडिस्टांत! मी त्या भिंतीला सायकल टेकवून बाबांच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालत होते आणि ती दहा पावलांवर होती. पिलिंगना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे गाणी चांगली असतात, ताई." मी त्यांच्यावर ओरडले. मग त्यांच्याच रुमालाने डोळे पुसले.

आता नीट ऐक. मी सहा तासांची होते. सहा तासांच्या पोराने रडायचंच असतं, त्यात माझा दोष नाही, आणि ज्या पोरीने मला सहा तास खांद्यावर फिरवलं तिचा तर नाहीच. सिस्टर युफेमियाने आम्हाला त्या बिनपाण्याच्या पोरांची अधांतरीची जागा अशी शिकवली होती, जणू क्रू जंक्शन: गाडी थांबते, पुढे जात नाही, उतरता येत नाही. आम्ही रात्री उशीत तोंड घालून रडायचो. पुढे रोमहून हळूच सांगण्यात आलं, की तशी जागा असेलच असं काही नाही, देवाच्या दयेवर भरवसा ठेवा. हळूच! बायांना पन्नास-साठ वर्षं त्या फलाटावर उभं करून मग स्टेशन बंद केलं, आणि माफीचा एक शब्द नाही. मी बिशपना पत्र लिहिणार आहे. मसुदा तयार आहे, पिलिंग म्हणतात दोन विशेषणं काढा. काढणार नाही.

पण ते नंतर. गुरुवारी सकाळी नऊला पिलिंग गाडी घेऊन तुझ्या दारात येतील. तयार राहा. आईचे ओठ वाचू शकेल असं माणूस या जगात आता एकच उरलंय, आणि ते समुद्राकडे तोंड करून बसलंय. ती पाण्याचंच विचारत असेल, तर खरं सांग. नसेल सांगायचं तर पुन्हा खोटं बोल. मी अडवणार नाही. पण तिला उत्तर दे.

लोकरीची बनियन घाल.

तुझी,
मोनिका

*

ग्रेंज,
१४ मे

मोने,

गुरुवारी परतताना तू गाडीत तीनदा विचारलंस, "काय बोललात?" मी झोपेचं सोंग घेतलं. पिलिंगला कळलं होतं, लबाड आहे, त्याने गाणं गुणगुणायला सुरुवात केली. तू खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होतीस, आमच्याकडे टक लावून, सातवीतल्या पोरीसारखी. कॉफी गार झाली तुझी. तुला सगळं सांगते, जसं झालं तसं.

मी तिच्यासमोर बसले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, "विने, जाडी झालीस." तू विचारलंस ना मी का हसले? त्याला हसले.

मग मला धीर धरवेना. तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. म्हटलं, "नोरा, मी पाणी घातलं नव्हतं. खोटं बोलले. पाण्याचा जग तिथेच होता, आणि मी घातलं नाही." तिथे मी रडायला लागले, तो तिथली नर्स आत आली आणि मला बिस्कीट देऊन गेली.

नोराने हात उचलला. उजवा, चालतो तो. म्हणाली, "ठाऊक आहे."

मी म्हटलं, "कसं?"

म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही. ओठ वाकडे होतात."

बहात्तर वर्षं, मोने! तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मला कळू दिलं नाही.

मग तिने ते विचारलं. तुला जे जानेवारीपासून विचारतेय तेच. मी ओळखलं, कारण पहिल्यांदा बोलून थांबली, तू लिहिलं होतंस तशी, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हणाली, "तिला शाल होती का?"

मी म्हटलं, "काय?"

"ऑक्टोबर होता. शाल होती का तिच्या अंगावर?"

मी पाण्याचं उत्तर घेऊन आले होते. आयुष्यभर तेच उत्तर घेऊन बसले होते. हे मला कुणी विचारेल असं वाटलंच नाही कधी.

मी तिला सांगितलं. ॲलिस होल्डनपाशी ठेवली. अंत्यविधीवाल्याने ॲलिसच्या शालीचा काठ उचलला, बाळाला तिच्या कोपराच्या वाकात निजवलं, आणि काठ वरून ओढून घेतला. दोघींना मिळून एक शाल. नाक तेवढं मोकळं, बाकी सगळं उबेत.

नोरा म्हणाली, "ॲलिसची ती करडी? जाड आहे ती."

मी म्हटलं, "जाड आहे."

म्हणाली, "मग ठीक."

आणि तोंड मिटलं. तू पाहिलंस ना, तिने तोंड मिटलं ते? तू धावत आलीस, घाबरलीस. नाही गं. तिचं विचारून झालं होतं.

बाकी काही बोललो नाही. जाताना तेवढं म्हणाली, "मोनाला मेथॉडिस्टांचं सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल." मी म्हटलं, "घेतलंय."

विनी

*

प्रेस्टन,
९ ऑक्टोबर

प्रिय विनी मावशी,

आईच्या अंत्यविधीला तू काळी टोपी घालून आलीस तशीच गेलीस, थोडा वेळ तरी थांबायचं होतंस. बटाटा-कांद्याची पाई खूप होती, सगळी पिलिंगनी खाल्ली.

ॲलिस होल्डनचे नातेवाईक शोधायला दोन महिने लागले. बिनलग्नाची, मूलबाळ नाही. भावाची पणती सापडली, बोल्टनला असते, केसांचं दुकान आहे. मी लांबलचक पत्र लिहिलं, पुरावे जोडले. तिने फोन केला आणि म्हणाली, "अय्या, मग आमच्या ॲलिस आत्याला एक बाळ होतं म्हणा की!" तिनेच दगडावर नाव कोरायला होकार दिला. ॲलिसखाली लहान अक्षरात, "आणि क्लेअर". आडनाव घातलेलं नाही. पाथरवट म्हणाला जागा नाही, आणि पणती म्हणाली लागतंय कशाला.

वंशावळीचा कागद पुन्हा काढला. आईबाबांच्या खाली एकच रेघ होती, आता दोन आहेत. एलेन पणजीच्या चौघांचीही नावं मिळाली: जेम्स, मार्गारेट, रोझ आणि पुन्हा एक जेम्स. पहिला गेल्यावर दुसऱ्याला तेच नाव दिलं, तोही गेला. मोठ्याने म्हण एकदा. मी म्हटलं.

आज सकाळी गेले होते. वाढदिवस आहे आमचा. पिलिंग फाटकापर्यंत आले. मेणबत्ती टिकेना, वारा होता, म्हणून करडी लोकर घेऊन गेले होते ती दगडाशी ठेवली. मग उभी राहिले आणि बोलले. जूनमध्ये तू मागावरची बोली शिकवलीस तसं, जबडा मोकळा सोडून, आवाज न काढता. बराच वेळ बोलले. भिंतीपलीकडून एक बाई बघत होती. बघू दे.

परतताना पिलिंग विचारत होते, "काय सांगत होतात ताई एवढं?"

मी म्हणाले, "आमचं घरातलं आहे. तुम्हाला कळायचं नाही."

तुझी,
मोना